हुरडा, पावतीपुस्तक आणि ६१२ चष्मे

सोलापूरच्या आमच्या सेवा क्लबचा पदग्रहण समारंभ १४ जुलै २०२४ ला झाला. जेवणाच्या रांगेत उभी होते, तेव्हा नवे अध्यक्ष जवळ आले आणि म्हणाले, "ताई, यंदाचा निधी तुम्ही उभा करायचा. बँकेतल्या माणसाच्या हातात हिशोब असला की आम्ही निवांत." मी हो म्हटलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेच्या काउंटरवर ३२ वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजले होते, पण कुणापुढे हात पसरायची वेळ कधी आली नव्हती.

वर्ष संपल्यावर बार्शी आणि पंढरपूरच्या ओळखीच्या लोकांनी फोन करून विचारलं, "तुम्ही नेमकं काय काय केलं?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. आकडे माझ्या वहीतले आहेत.

पैसे कशासाठी, हे आधी ठरलं. आमच्या एका सभासदाचं विडी घरकुल भागात औषधांचं दुकान आहे. ते म्हणाले, चाळिशी ओलांडलेल्या विडी कामगार बायका दुकानात येऊन "डोळ्याला काहीतरी द्या" म्हणून थेंब मागतात. बहुतेकींना खरी गरज जवळच्या चष्म्याची असते. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. पान नीट कापलं गेलं नाही, दोरा सैल बसला, की माल नापास होतो आणि तेवढी मजुरी हातची जाते. नजर अधू झाली की पहिला फटका मजुरीला. सोलापुरात हे काम प्रामुख्याने बायकाच करतात, त्यातही तेलुगू बोलणाऱ्या घरांत जास्त. शहराजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत अशा बायकांची १० हजार घरं उभी राहिली, एवढी ही संख्या मोठी. आमच्या क्लबचा जीव लहान. म्हणून ठरवलं, एकाच भागात दोन दिवस डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे आणि मोतीबिंदू निघाले तर ऑपरेशनचा खर्च उचलायचा. एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाने डॉक्टर आणि तपासणीची यंत्रं विनामूल्य द्यायचं कबूल केलं. बाकीचा अंदाज ३ लाखांचा निघाला.

३ लाख आणायचे कुठून? ऑर्केस्ट्रा, लकी ड्रॉ, स्मरणिका, सगळं बोलून झालं. शेवटी आमचे सर्वांत ज्येष्ठ काका म्हणाले, "सोलापूरचा माणूस गाण्याला येईल न येईल, हुरड्याला येणारच." तिथेच ठरलं.

ऑगस्ट पूर्ण कागदांत गेला. तुमचा क्लब नवा असेल तर हा भाग घाईत वाचू नका. क्लबच्या जेवणाखाण्याचे, वर्गणीचे पैसे एका खात्यात आणि लोकांकडून सेवेसाठी आलेले पैसे दुसऱ्या खात्यात, हा नियम मी पहिल्या दिवशी धरला. लोकांनी चष्म्यासाठी दिलेल्या पैशातून सभेचा चहासुद्धा होता कामा नये. आमच्या क्लबचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे आणि त्याला तेव्हाच्या आयकर कायद्यातली ८०जी मान्यता होती, म्हणजे देणगीदाराला करात सवलत मिळते ती, म्हणून देणग्या ट्रस्टच्या नावाने घ्यायचं ठरलं. नोंदणी नसलेल्या मंडळाने पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच ही. ती काढल्याशिवाय पावतीपुस्तक छापू नका.

ट्रस्टचं वेगळं खातं उघडायला २३ दिवस लागले. आम्ही नेलेल्या ठरावात सह्या कोण करणार ते होतं, पण "कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने" हे शब्द नव्हते. कागद परत आला. दुसऱ्या वेळी एका विश्वस्ताच्या आधारवर जुना पत्ता निघाला. तिसऱ्या वेळी ट्रस्टच्या पॅनवरचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव यांत एका शब्दाचा फरक सापडला. मी आयुष्यभर काउंटरच्या त्या बाजूला बसलेली बाई, तरी तिसऱ्या फेरीला डोळ्यांत पाणी आलं. ठराव लेटरहेडवर हवा, सभेची तारीख हवी, सह्या करणाऱ्यांची नावं पॅनवर आहेत तशीच अक्षरश: हवीत, आणि खाली अध्यक्ष-सचिव दोघांच्या सह्या हव्यात. एवढं घरूनच तपासून गेलात तर एका फेरीत काम होतं.

सप्टेंबरमध्ये शेतकरी गाठला. मंगळवेढा रस्त्याला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर त्यांचं रान आहे. हुरड्यासाठी ते गूळभेंडी ज्वारी वेगळी पेरतात, कारण तिचा दाणा कोवळा असताना गोड लागतो आणि कणीस चोळलं की भुसकटातून चटकन सुटतो. मी ५ जानेवारी ही तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "तारीख तुम्ही ठरवू नका मॅडम. कणीस ठरवतंय." मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. आम्ही ५ जानेवारी छापून ६०० तिकिटं काढली. मोठ्यांना ५०० रुपये, दहा वर्षांखालच्या मुलांना २५०.

ही माझी चूक होती. पाऊस लांबला, रानात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येईना आणि पेरणी पंधरा दिवस पुढे गेली. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला, "पाचला दाणा भरत नाही. दूध असतंय नुसतं." त्याच्या पुढच्या रविवारी गड्ड्याची यात्रा तोंडावर. संक्रांतीच्या त्या चार दिवसांत अख्खं सोलापूर सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांमागे असतं, आमचे निम्मे स्वयंसेवक मानाच्या काठीला खांदा देणाऱ्यांपैकी. म्हणून १९ जानेवारी धरली. विकलेल्या प्रत्येक तिकिटाला फोन केला, तारखेचे स्टिकर छापून चिकटवले. त्याला ६५० रुपये लागले. ३१ जणांना नवी तारीख जमेना, त्यांचे पैसे दोन दिवसांत परत केले. त्यातल्या सात जणांनी नंतर तेच पैसे देणगी म्हणून पाठवले. पैसे लगेच परत मिळाले म्हणूनच त्यांचा विश्वास बसला असावा. हुरड्याचा कार्यक्रम करणार असाल तर तिकिटावर "जानेवारीचा तिसरा किंवा चौथा रविवार" एवढंच छापा.

मधला काळ मात्र वाया गेल्यासारखा होता. दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक पाठोपाठ आली. २० नोव्हेंबरला मतदान झालं, तोवर कुणाच्या दुकानात जाऊन बसायची सोय नव्हती. जो तो म्हणे, "निकाल लागू द्या, मग बोलू."

देणगी मागायला मी पहिल्यांदा नव्या पेठेत गेले ती ९ डिसेंबरला, सोबत सचिव होते. पहिल्या तीन दुकानांत मी आमच्या क्लबबद्दल बोलले, आजवर काय काय केलं ते सांगितलं, पत्रक दिलं. एकाने १०१ रुपये दिले, दोघांनी "नंतर या" म्हटलं. बाहेर येऊन पायरीवर उभी राहिले तर पाय जड झाले होते. चौथं दुकान चादरींचं. मालक वयस्कर, गल्ल्यावर बसलेले. माझं बोलणं त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या ताई. एक चष्मा कितीला?"

"जवळचा तयार चष्मा ९५ रुपयांना पडतो. घाऊक."

"मग शंभर बायकांचं मी देतो. ९ हजार ५००. फोटो नको, सत्कार नको. कुणाला दिलं त्याची यादी दाखवा फक्त."

त्यांनी चेक लिहिला आणि पॅन नंबर स्वत:च पाठीमागे टाकला. त्या दिवसानंतर मी क्लबबद्दल बोलणं बंद केलं. पत्रक बदललं. एक चष्मा ९५, नंबर काढून बनवलेला चष्मा २६०, एक मोतीबिंदू ऑपरेशन ३,०००, एवढ्या तीन ओळी. चाटी गल्लीत, एमआयडीसीत, जुळे सोलापुरात जिथे जिथे गेले तिथे माणसं स्वत:च हिशोब करू लागली, "आईच्या नावाने एक ऑपरेशन धरा", "पोराच्या वाढदिवसाला दहा चष्मे." मार्चअखेर ५७ देणगीदारांकडून १,४७,५०० रुपये आले. सर्वांत लहान देणगी ९५ रुपयांची, एका रिक्षावाल्या भावाची.

देणगी घेताना तीन गोष्टी समोरच्याला आधीच सांगाव्यात. एक, रोख २,००० च्या वर असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय मागा. दोन, ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ही सवलत नाहीच. तीन, हुरड्याच्या तिकिटाच्या पैशावर ८०जीची पावती द्यायची नाही. आमचे सीए यावर ठाम होते. तिकिटाच्या बदल्यात माणूस जेवून जातो, ते दान होत नाही. काही सभासद नाराज झाले, शेजारच्या गावात देतात म्हणाले. आम्ही दिली नाही.

१९ जानेवारीला पहाटे साडेपाचला मी रानात होते. थंडी होती. शेतकरी आणि त्यांचा मुलगा आगट्या पेटवत होते. गुडघाभर खड्डा, त्यात गोवऱ्या. धूर निघून गेला आणि लाल आर राहिला की त्यात कणसं उभी खुपसायची, दांडा बाहेर. मिनिट-दोन मिनिटांत काढायचं. जास्त राहिलं तर दाणा लाही होतो, कमी राहिलं तर चोळताना चिकटतो. शेतकऱ्यांच्या घरच्या वहिनी पोत्यावर बसून कणीस दोन्ही तळव्यांत धरून फिरवायच्या, मग सुपात पाखडायच्या, की हिरवे गरम दाणे खाली आणि कोंडा वाऱ्यावर. मी एक कणीस चोळून पाहिलं. तळहात भाजला आणि अर्धे दाणे भुसकटातच राहिले. त्यांचे तळवे काळे झाले होते, पण हात थांबत नव्हते.

पार्क चौकातून चार बस सुटल्या. ४८२ तिकिटं खपली होती, आले ४३७. दहातला एक जण येत नाही हे काकांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून शेतकऱ्यांना आणि स्वयंपाकाच्या बचत गटाला आम्ही ४५० चाच आकडा दिला. शेंगाचटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, दुपारी कडक भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, शेंगापोळी आणि ताक. मुलं उसाच्या फडात शिरली ती जेवायलाच बाहेर आली. एक फिरतं स्वच्छतागृह आणलं होतं, तेवढ्या माणसांना ते कमी पडलं. बायकांची रांग पाहून मला वाईट वाटलं. एवढ्या लोकांना दोन तरी हवीत.

त्या रात्री माझ्या घरी आम्ही तिघांनी बसून पैसे मोजले. तिघांच्या सह्या झाल्यावरच पिशवी बांधली. तिकिटांचे २,२५,००० आले होते. हुरडा आणि जेवण ९९,०००, बस १२,८००, स्वच्छतागृह ६,०००, स्पीकर ३,५००, छपाई स्टिकरसकट ४,८५०. हातात उरले ९८,८५०. आकडा पाहून खोलीत कुणी बोललं नाही. सहा महिने राबून एक लाखसुद्धा नाही. अध्यक्षांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "बसचा खर्च कुणाकडून तरी उचलायला हवा होता." खरंच होतं. बस, छपाई आणि स्पीकर यांना प्रायोजक मिळवायचं काम आम्ही शेवटच्या आठवड्यावर ढकललं, आणि तो आठवडा गड्ड्यात गेला. शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या पाकिटांच्या स्टॉलवर खर्च वजा जाता १८,२०० मिळाले, ते त्या रात्रीचं समाधान. मार्चअखेरपर्यंतच्या देणग्या धरून शेवटी एकूण २,६४,५५० झाले. ३ लाखांना ३५ हजार कमी. हुरड्याच्या खर्चाचा ताळेबंद मात्र आम्ही कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्या तिकीटधारकांना व्हॉट्सॲपवर पाठवला, तोवरची तूट दाखवून.

तपासणी शिबिरं २३ फेब्रुवारी आणि २ मार्चला ठेवली. आधी वेळ सकाळी नऊची ठरवली होती. औषधांच्या दुकानात भेटलेल्या एका अक्कांनी मान हलवली. "सकाळी घरचं बी असतंय, आठवड्याचं कापड-धुणं बी असतंय. एक वाजल्यापासून ठेवा, मग बघा." आम्ही एक ते सहा ठेवली आणि साडेबारालाच रांग लागली. टोकनवर तेलुगू बोलणाऱ्या दोन मुली बसवल्या होत्या, त्यांच्याशिवाय काहीच झालं नसतं.

पहिल्या तासात एक घोटाळा लक्षात आला. तपासणीवाल्या ताई खुर्चीवर बसवून, हातात वाचायचा तक्ता देऊन चष्मा ठरवत होत्या. बायका "दिसतंय" म्हणायच्या, पण चष्मा घालून घरी गेलेली एक अक्का परत आली. म्हणाली, विडी करताना पुसट दिसूलालंय. तेव्हा डॉक्टरांनी तिला घरून विडी वळायचं सूप आणायला सांगितलं. ती सूप, पानं, तंबाखू, कात्री घेऊन आली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. तेव्हा कळलं, सूप मांडीवर असतं, मान खाली झुकलेली असते आणि विडी वाचायच्या तक्त्यापेक्षा डोळ्यांच्या जवळ असते. चष्म्याचा नंबर त्या अंतराला जुळवायचा होता. पाव-अर्धा नंबर वाढवला. तिने पान गुंडाळलं, तोंड दुमडलं, दोरा घेतला. दोरा नेमका जागेवर बसला. टोकनवरच्या मुलीने तेलुगूत विचारलं, "कनपडुतुंदा?" म्हणजे दिसतंय का. अक्का काही बोलली नाही. तिने ती विडी उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली, आणि दुसरं पान उचललं. पाच-सहा विड्या झाल्या तरी उठेना. मागे रांग होती, पण तिला उठवायचं धाडस आमच्यात कुणाला झालं नाही.

त्यानंतर एका कोपऱ्यात सतरंजी आणि दोन सुपं कायमची ठेवली. पहिल्या दिवशी दोन नंबरचे चष्मे चार वाजताच संपले. घाऊक मागणी देताना सगळे नंबर सारखे घेऊ नका. दीड, दोन आणि अडीच जास्त लागतात. दोन्ही दिवस मिळून ६१२ जवळचे चष्मे गेले आणि १४८ जणींना नंबर काढून बनवून दिले. प्रत्येकीचं नाव, वय, नंबर आणि सही किंवा अंगठा वहीत आहे. चादरीच्या दुकानातल्या त्या मालकांना पहिल्या शंभर नावांची यादी मी स्वत: नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

ऑपरेशनचा भाग सर्वांत अवघड गेला. ५८ जणींना मोतीबिंदू निघाला, पण पहिल्या तुकडीला आल्या फक्त चौघी. "उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये" हे एक कारण. डॉक्टरांनी वस्तीत येऊन समजावलं की हल्ली ऋतूचा काही संबंध नाही. पण खरं कारण घरोघर फिरल्यावर समजलं. ऑपरेशननंतर काही आठवडे तंबाखूच्या धुरळ्यापासून आणि चुलीच्या धुरापासून लांब राहायचं, म्हणजे विडी बंद, म्हणजे मजुरी बंद. फुकट ऑपरेशन त्यांना परवडत नव्हतं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं आणि याची मला अजून लाज वाटते. एका धान्य व्यापाऱ्यांनी प्रत्येक ऑपरेशनमागे महिन्याच्या शिध्याची पिशवी द्यायचं मान्य केलं. वस्तूरूपाने दिलेल्या दानावर ८०जी मिळत नाही हे त्यांना आधीच सांगितलं, ते म्हणाले, "मी विचारलं का?" वहीत त्या पिशव्यांची वेगळी नोंद ठेवली.

मग आकडा हलला. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ४१ ऑपरेशनं झाली. नऊ जणींची साखर जास्त निघाल्याने तारीख पुढे ढकलावी लागली. शिबिरातच साखर आणि रक्तदाब तपासला असता तर त्यांची एकेक फेरी वाचली असती.

मे महिना पुन्हा कागदांचा. देणगीदारांचं विवरण, म्हणजे तेव्हाचा फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावा लागायचा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. तो भरल्यावर प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र निघायचं, तेच पुढे करासाठी लागायचं, आपली छापील पावती पुरायची नाही. ५७ पैकी दोघांचे पॅन चुकीचे लिहिले गेले होते, एकात ओ ऐवजी शून्य. आम्ही २४ मेला विवरण भरलं. पॅन देणगी घेतानाच कार्डावरून उतरवून घ्या, तोंडी घेऊ नका.

२२ जूनच्या सभेत मी हिशोब वाचला. जवळचे चष्मे ५८,१४०, नंबरचे ३८,४८०, ऑपरेशनं १,२३,०००, ने-आण ९,६००, शिबिराचा मांडव, चहा, टोकन १४,७००. एकूण २,४३,९२०. शिल्लक २०,६३०. त्यातून सहा जणींच्या दुसऱ्या डोळ्यासाठी १८,००० बाजूला काढायचा ठराव झाला आणि २,६३० रुपये पुढच्या वर्षीच्या खात्यात गेले. एका तरुण सभासदाने विचारलं, "ताई, हुरडा पुन्हा करायचा का?" मी म्हटलं, करायचा, पण बसचे प्रायोजक दिवाळीआधी शोधायचे आणि तारीख शेतकऱ्यांना विचारायची.

नव्या प्रमुखांना मी वही, पावतीपुस्तकं आणि नावांच्या याद्या दिल्या आहेत. एक कागद माझ्याकडेच ठेवला आहे, दुसऱ्या डोळ्याच्या सहा तारखांचा. पाच जणींची सोय झाली. सहाव्या अक्कांची तारीख १२ जुलै, शनिवार. त्यांच्याबरोबर जायला घरी कुणी नाही, तेव्हा सकाळी सातला विडी घरकुलच्या कमानीपाशी मी रिक्षा घेऊन उभी असेन.